रिकामं पेन द्यायचं नाही

आमच्या घरातून रिकामं पेन बाहेर जात नसे. हा नियम आईचा होता, आणि आईचे नियम मोडायची सोय आमच्याकडे नव्हती. पेन मी बनवायचो, भरायची ती. गिऱ्हाईक घाईत असलं, रिक्षा दारात थांबवून आलेलं असलं, तरी त्याला खुर्चीवर बसावं लागे. आई आतून शाईची दौत आणायची, चष्मा लावायची, पेन दौतीत बुडवून भरायची, निब पुसायची आणि कागदाच्या कपट्यावर 'आज वार' असं लिहून पुढे जो असेल तो वार लिहायची. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची सवय, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही. वार नीट उमटला की पेन गिऱ्हाइकाच्या हातात. कुरियरनं जाणारी पेनं तेवढी रिकामी जात, कारण विमानात शाई गळते हे मी तिला मोठ्या मुश्किलीनं पटवलं होतं. तरी पेटी बंद करताना ती म्हणायचीच, "पाठव बाबा उपाशी."

मी टर्नर माणूस. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उमेद घालवली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथला एक जुना छोटा लेथ घरी आणला आणि नाशिकरोडच्या आमच्या घरामागे, जिथं पूर्वी कपडे धुवायची फरशी होती, तिथं पत्रा टाकून बसवला. पेनाचा नाद मात्र आईमुळे. तिची जुनी पेनं दुरुस्त करता करता मी एबोनाइटचे काळे दांडे आणून नवी कातायला लागलो. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. कातताना त्याचा असा वास सुटतो की शेजारी आधी गटार तपासायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. बायकोनं त्या वासाशी फार वर्षांपूर्वी तडजोड केली. माझ्याशी तिची तडजोड अजून चालू आहे.

हल्ली लोकांना पेनात जुनी करामत हवी असते. आत बाजारातली प्लास्टिकची नळी घातलेलं पेन कुणीही करतं. माझ्याकडे येणाऱ्याला ते शंभर वर्षांपूर्वी भरायचे तसं भरायचं असतं. त्यात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त मागणी असलेली करामत लिव्हरची. पेनाच्या पोटात रबराची लांबुळकी पिशवी असते, ती लाखेनं चिकटवायची. पेनाच्या अंगावर एक बारीक धातूची पट्टी असते. निब शाईत बुडवून ती पट्टी नखानं उचलली की आतली पिशवी दाबली जाते, हवा बाहेर येते, शाईत बुडबुडे दिसतात. पट्टी सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. एवढंच. पण हे एवढंच करायला दोन हात लागतात. एकानं पेन धरायचं, दुसऱ्यानं पट्टी उचलायची. ही गोष्ट मी कधी लक्षात घेतली नव्हती, कारण घेण्याचं कारण नव्हतं.

आईला झटका आला तो सकाळी, चहाचा कप उचलताना. कप पडला आणि ती त्या कपाकडे बघत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या उजव्या हाताला सुई टोचून विचारलं, "आजी, कळतंय का?" ती नाही म्हणाली. मला टोचून विचारलं असतं तर मीही नाहीच म्हणालो असतो. मी बिलं भरत होतो, गोळ्या आणत होतो, बायकोला डबा कधी आणायचा ते सांगत होतो, आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. नातेवाईक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. तो हात कधी उचलतील याची मी वाट बघायचो.

घरी आणली तेव्हा ती बोलत होती, पण थोडं आणि जड. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा, खाली घसरला तर लोंबत राहायचा. पाय पुढे काठीनं जरा चालायला लागला. तोंड उजवीकडून किंचित उतरलं होतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एक रबरी चेंडू देऊन गेली, बधिर हातात धरून दाबायला. आई तो डाव्या हातात घ्यायची आणि तासन्‌तास दाबत बसायची. मुलगी म्हणायची, "आजी, हा हात नाही, तो." आई म्हणायची, "तो ऐकत नाही. हा ऐकतो."

झटका आला त्याच्या आदल्या दिवशी मी एक पेन पुरं केलं होतं. काळं, बारीक, लिव्हरचं. घोटीकडच्या एका शेतकऱ्यानं ते सांगितलं होतं. आईची पहिली नेमणूक घोटीजवळच्या एका गावात होती, तिथला तिचा विद्यार्थी. आता तोही पन्नाशीचा, भातशेती करणारा. त्याची मुलगी तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली होती आणि तिला पहिल्या दिवशी खिशाला लावायला त्याला पेन हवं होतं. ते पेन फळीवर तसंच पडून राहिलं.

त्याला आईचं कळलं आणि तो भेटायला आला. पिशवीत तांदूळ. आईसमोर जमिनीवरच बसला, खुर्ची दिली तरी. मी फळीवरून पेन काढलं, दौत आणली आणि म्हणालो, "भरून देतो, घेऊन जा."

तो माझ्याकडे न बघता आईकडे बघायला लागला. "बाई भरतील ना?"

मी म्हणालो, "आता तिला कसं जमेल? हात बघताय ना."

"मंग ऱ्हाऊ द्या. थांबतो मी. घाई नाय."

"मुलीची नोकरी लागेल तोवर."

"लागू द्या की. बॉलपेननं करील सही. हे पेन बाईंच्याच हातनं भरल्यालं पायजे." मग मला काही समजत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. "भाऊ, तुम्हाला म्हाईत नाय का?"

मला खरंच माहीत नव्हतं. मग त्यानं सांगितलं. सहावीत तो वर्गात पहिला आला तेव्हा आईनं त्याला स्वतःच्या पगारातून एक पेन बक्षीस दिलं होतं. सगळ्या शाळेसमोर. पेन रिकामं होतं. त्याच्या घरात शाई नव्हती, शाई आणायची असते हेही घरात कुणाला सुचलं नाही, आणि मागायची त्याला लाज वाटली. मग तो ते पेन सदऱ्याच्या खिशाला लावून हिंडायचा. सगळ्यांना वाटायचं, पोरगं काय लिहीत असेल. एकदा वर्गात आईला पेन हवं होतं, तिनं त्याच्या खिशातलं घेतलं, हजेरीवर टेकवलं तर नुसता ओरखडा.

"बाई काय बोलल्या नाय," तो म्हणाला. "टोपण लावलं, घरी घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी भरून आणलं. वर्ष संपस्तोवर दर सोमवारी भरून द्यायच्या. लय लिवलं मी त्या पेननं."

आई ऐकत होती. तिचं अर्धं तोंड हसलं की काय ते मला नीट कळलं नाही. ती त्याला म्हणाली, "थांब तू. भरते."

"थांबतो ना बाई."

तो गेला आणि आई रोज सकाळी फळीकडे बघायला लागली. बोलायची नाही. तिचं बघणं मात्र मला चांगलंच ऐकू यायचं. तिला परत चालता येईल का, बोलणं सुधारेल का, हे प्रश्न डॉक्टरांचे होते. आईचा प्रश्न एकच होता, की तिच्या हातानं पेन भरलं जाईल की नाही. आणि तो प्रश्न तिनं मला घातला होता, कारण पेन माझ्या हातात होतं.

आधी मी तिला लिव्हरचंच पेन डाव्या हातात दिलं. पेन धरलं तर पट्टी उचलता येईना. पट्टीला नख लावलं तर पेन फिरायचं. एकदा तिनं पेन दौतीत उभं सोडून पट्टी उचलायला बघितली आणि दौत उलटली. गादी, चादर, तिचा गाऊन, सगळं निळं. बायकोनं चादर भिजत घातली. आई म्हणाली, "पोरं असंच करतात पहिलीत." पुढे बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

मग मला फुंकरीचं पेन आठवलं. फार जुनी पद्धत आहे. पेनाच्या शेपटाला भोक असतं, निब शाईत बुडवून भोकातून फुंकायचं, आत हवेचा दाब बसून पिशवी दबते, तोंड काढलं की भरते. एका हाताचं काम. मी हौसेनं बनवलं, भोक गोल गुळगुळीत केलं, तिच्या ओठांना टोचू नये म्हणून पॉलिश केलं. तिनं फुंकलं. हवा तिच्या उजव्या गालाकडून फुस्स करून बाहेर. परत फुंकलं. परत फुस्स. तिसऱ्यांदा तिलाच हसू फुटलं आणि मग तर फुंकणं शक्यच नव्हतं. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. मी पेन परत घेऊन मागे गेलो. मलाही हसायला यायला हवं होतं.

शेवटी मी चंद्रकोरीच्या पेनाकडे वळलो. ही करामत मी एकदाच केली होती, एका हौशी गिऱ्हाइकासाठी. पेनाच्या पाठीतून धातूची एक चंद्रकोर बाहेर आलेली असते. ती अंगठ्यानं आत दाबली की खालची पट्टी पिशवी दाबते, सोडली की झालं. धरायचं आणि दाबायचं, एकाच हातानं. बाहेर आलेली कोर चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिच्या खाली एक फिरती रिंग असते. रिंग फिरवून तिची फट कोरीखाली आणायची, मगच कोर दाबता येते. मी रिंगेसकट बनवलं. जुन्या पेनाला रिंग असते म्हणजे असते, असा माझा ताठा. आईनं ते हातात घेतलं, रिंगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे फिरवायला दुसरा हात कुठला आणू?"

लेथवरच्या माणसाला अशी चूक शोभत नाही. पण मी चूक अशी केली होती की पेन शंभर टक्के बरोबर होतं.

रिंग काढली. त्याबदली टोपण लांब केलं, खिशात असताना कोर टोपणाखाली झाकली जाईल इतकं. पेन विचित्र दिसायला लागलं, टोपण मोठं आणि धड आखूड. बायको म्हणाली, "लग्नातला फेटा बांधलाय त्याला." टोपणसुद्धा एका हातानं निघायला हवं होतं. मग सागाच्या ठोकळ्यात दोन खड्डे केले, एक दौत घट्ट बसेल असा, दुसरा टोपणाचा. टोपण खड्ड्यात अडकवायचं आणि पेन वर ओढायचं. निब पुसायला ठोकळ्याच्या कडेला फडकं ठोकलं.

तरी जमेना. आई दाबायची तेव्हा अंगठा कोरीवर नीट बसायचा नाही, घसरून कडेला जायचा, आणि पेन हातात फिरायचं. मी आणखी एक धड कातलं, कोर पुढे घेतली. मग लिहायला धरलं की तिथंच बोट पडायचं आणि शाई बदकन कागदावर. मग मागे घेतली. पुन्हा घसरलं. अशी किती धडं वाया गेली मी मोजली नाहीत. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आई, अंगठा मधोमध ठेव ना! सरळ आहे ते!"

ती म्हणाली, "तुझा सरळ आहे."

तेव्हा ट्यूब पेटली. कोर कुठं यावी ते मी प्रत्येक वेळी माझ्या हातात धरून ठरवत होतो. माझ्या उजव्या हातात. तिचा हात डावा, बोटं सांध्यात सुजलेली, अंगठा जरा बाहेर वळलेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे पार्ट कातले आणि आईचं माप घ्यायचं सुचलं नाही.

स्वयंपाकघरात बायको कणीक मळत होती. मी एक गोळा मागितला, त्याची पेनाएवढी जाड वळी केली आणि आईच्या डाव्या हातात दिली. "दौतीत पेन बुडवतेस तसं धर. आणि दाब." तिनं धरलं आणि दाबलं. चार बोटांच्या खुणा एका बाजूला, आणि अंगठ्याचा खळगा भलतीकडेच, मी कधी कोर काढली नसती अशा जागी. मी त्या खळग्याचं माप घेतलं. बायको पोळपाट घेऊन उभी. "आता त्याची चपाती करू की जपून ठेवायचीय?" आई म्हणाली, "कर. भूक लागलीय." आणि ती चपाती तिनंच खाल्ली.

नवं धड झालं. आधी स्टीलच्या वाटीत साधं पाणी घेतलं. आईनं निब पाण्यात बुडवली, अंगठा कोरीवर ठेवला. अंगठा आपसूक तिथं बसला. तिनं दाबलं. पाण्यात बुडबुडे आले. सोडलं. थांबली. पोरांना श्वास धरून ठेवायला सांगताना थांबायची तशी. पेन वर काढून तिनं परत दाबलं आणि निबेतून पाण्याची धार वाटीत पडली. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. वाटीतलं पाणी तेवढंच होतं, पण ती ते आत घेत होती आणि बाहेर टाकत होती, आणि थांबायचं नाव घेत नव्हती. बायको पदरानं डोळे पुसत होती. मी कोरीची स्प्रिंग जरा कडक वाटते का ते बघत होतो.

घोटीच्या माणसाच्या पेनाचं धड मी बदललं, लिव्हर काढून तशीच कोर बसवली. त्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी आला, मुलीला घेऊन. आई खुर्चीत बसली होती, पुढे टेबल, टेबलावर ठोकळा, दौत गळ्यापर्यंत भरलेली. उगीच काठोकाठ भरली होती मी. तिनं टोपण खड्ड्यात अडकवून पेन ओढलं, दौतीत बुडवलं, अंगठा दाबला. शाईचा एक ओघळ अंगठ्यावरून मनगटाकडे गेला. तिनं पेन भरलं, फडक्यावर निब पुसली. मुलीनं कागद दाबून धरला. आईनं डाव्या हातानं 'आज वार' लिहिलं आणि थांबली. बुधवार लिहिता लिहिता ओळ कागदाच्या कडेवरून टेबलावर गेली.

"अक्षार बिघडलं की बाई," तो म्हणाला.

"तू छड्या मार मला," आई म्हणाली. तो हसला आणि मग एकदम उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. मुलीनं पेन दोन्ही हातांनी घेतलं आणि आईच्या पाया पडली.

ते गेल्यावर आईनं मला हाक मारली. तिच्या सरावाचं पेन, मोठ्या टोपणाचं, कित्येक वेळा उघडून पुन्हा लावलेलं, ते तिनं शाईनं भरलं होतं. माझ्यापुढे धरलं.

"हे धर."

"मला कशाला? मी काय लिहितो?"

"इतकी पेनं केलीस. तुला कुणी दिलं नाही."

ते खरं होतं. माझ्या खिशाला नेहमी कानावर अडकवायची सुतारी पेन्सिल किंवा मेडिकलवाल्यानं फुकट दिलेलं बॉलपेन. मी पेन घेतलं आणि खिशाला लावलं. "लिही," ती म्हणाली. "लिहितो," मी म्हणालो, आणि एबोनाइटचा भुसा झाडायला मागे गेलो.

आई गेली ती भातकापणीच्या दिवसांत. झोपेतच. सकाळी बायको चहा घेऊन गेली आणि तशीच कप घेऊन परत आली. विहारातल्या बायका आल्या, त्यांनी तिला आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. एक जण बाहेर येऊन बायकोला हळूच विचारत होती की अंगठ्याच्या नखातला निळा डाग निघत नाही, लिंबू आहे का. मी तिथंच होतो. मी म्हणालो, राहू द्या. वंदना झाली, तिला नेलं, आणि मागे उरलं ते नुसतं पुढचं सगळं करायचं काम. पुण्यानुमोदनाला किती माणसं येतील याचा अंदाज मी अगदी बरोबर काढला. मांडववाल्यानं कौतुक केलं.

मी रडलो नाही. बायको म्हणायची, "अहो, एकदा रडून घ्या." मी म्हणायचो, येत नाही तर काय करू. मी मागे जाऊन लेथ चालू करायचो. हात आपलं काम करत होते. धड कातलं, आटे पाडले, पिशवीला टाल्कम पावडर लावली, लाख सुकायला ठेवली. दारात आलेल्या गिऱ्हाइकांना पेनं द्यायचो. रिकामी. कुणी तक्रार केली नाही. एक जण तर म्हणाला, बरं झालं, घरी जाऊन आपल्या आवडीची शाई भरतो. ठोकळा टेबलावर तसाच होता, त्यावर बायको कधी चाव्या ठेवायची.

आईचं पेन माझ्या खिशाला होतं. शर्ट बदलला की मी ते दुसऱ्या शर्टाला लावायचो. पण त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं की ती शाई संपणार, एवढं साधं कारण होतं. तिनं ओढून घेतलेली शाई होती ती. बँकेत सही करताना बॉलपेन मागायचो, खिशात पेन असून.

मग नवा तांदूळ निघाल्यावर घोटीचा माणूस आला. आईच्या वेळी तो येऊन गेला होता, पण गर्दीत. ह्या वेळी निवांत बसला. मुलगी कामाला लागली होती, सातबारा देते म्हणाला, पेन झकास चालतं. माझ्या खिशाकडे बघितलं.

"हे तेच ना, बाईंनी भरल्यालं? बघू."

मी दिलं. त्यानं टोपण काढलं आणि आपल्या तळहातावर रेघ ओढली. उमटली नाही. परत ओढली. नुसता ओरखडा.

"वाळलं की वो भाऊ."

लोकांना मीच सांगत असतो, पेन ठेवून दिलं की शाई वाळते, निबेखालची जीभ बंद होते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या पेनांना झालेलं काही नसतं, फक्त कुणी लिहिलेलं नसतं.

तो पेन माझ्याकडे देत म्हणाला, "मी पण असाच हिंडलो व्हतो. खिशाला लावून." आणि त्यानं चहाची बशी उचलली.

मी स्वयंपाकघरात गेलो. तीच स्टीलची वाटी घेतली, पाणी घेतलं, निब बुडवून ठेवली. थोड्या वेळानं कोर दाबली. पहिल्यांदा काही नाही. मग एक काळपट गाठ सुटली, आणि तिच्यामागून निळं. वाटी निळी झाली. मी ती मोरीत ओतली, परत पाणी घेतलं, परत दाबलं. परत निळी. मला वाटलं होतं थोडीच असेल आता. पण ती संपेचना. आईनं काठोकाठ भरलं होतं पेन, उगीच नाही. प्रत्येक वाटी मोरीत जाताना मला दिसत होतं की हे मी ओततोय, आणि ओतल्याशिवाय हे पेन पुन्हा लिहिणार नाही. तेव्हा मला रडू आलं. मोठ्यांदा, नाक वाहेपर्यंत. बायको दारात आली आणि मागे वळली. बाहेरच्या खोलीत तो माणूस बशीत चहा ओतत राहिला.

पाणी स्वच्छ आलं तेव्हा मी पेन पुसलं आणि टेबलाशी गेलो. ठोकळ्यावरच्या चाव्या बाजूला ठेवल्या. दौत खड्ड्यात बसवली. पेन डाव्या हातात धरलं. माझा अंगठा कोरीवर बसला नाही, घसरला, कारण कोर माझ्या मापाची नव्हती. दौत हलली. दुसऱ्यांदा घसरला आणि शाई अंगठ्यावर आली, नखात शिरली. मग मी अंगठा तिच्यासारखा बाहेर वळवला आणि दाबलं. बुडबुडे आले. सोडलं. थांबलो.

कागदावर 'आज वार' लिहिलं, पुढे शुक्रवार. अक्षर माझं वाईटच आहे. घोटीच्या माणसानं वाकून वाचलं आणि मान हलवली.

बायकोनं नव्या तांदळाचा भात टाकला होता. ताटं वाढली. मी हात धुवायला उठलो, मग फक्त उजवा धुतला. तिघंही जेवलो. डावा हात मी मांडीवर ठेवला होता, अंगठा वर करून, डाग पँटला लागू नये म्हणून.